20 बोर दुनळी : नळ्या तपासून झाल्या, दस्ता सुरू

शस्त्र कायद्यात 2019 ला झालेल्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. मराठवाड्यात बऱ्याच घरांत वडिलोपार्जित बारा बोर असतेच, म्हणजे लहान बोरसाठी (आकडा मोठा तेवढी नळी अरुंद) उरते एक जागा. तिथे ही बर्मिंगहॅमची 20 बोर बॉक्सलॉक (चापाची यंत्रणा पेटीसारख्या चौकटीत बसवलेली बंदूक) आली आहे.

नळ्या सोडवून खालच्या हुकात सुतळी ओवली, अधांतरी टांगल्या आणि लाकडी मुठीने हलका टोला दिला. नाद घंटेसारखा घुमत राहिला, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख (जोडणारा मऊ धातू) शाबूत आहे. आवाज बद्द आला असता तर डाख सुटलेला समजायचा. तिथून ओल शिरते आणि गंज पट्टीखाली खात राहतो, वरून पत्ता लागत नाही. या डाखामुळेच जुन्या दुनळीला कॉस्टिकचं गरम ब्लूइंग (पोलादावर निळसर-काळा थर चढवणं) करू देऊ नका, ते डाखच खातं. परवानाधारक कारागिराकडून सावकाश गंज चढवून, उकळून केलेलंच घ्या.

ब्रीचपासून, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडापासून, 9 इंचांवर बोअर (नळीचा आतला व्यास) .617 इंच भरला. मूळ माप .615, झीज किरकोळ. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो भाग, मात्र 2½ इंच, काडतुसांच्या मापात 65 मिमी. 1925 नंतरच्या इंग्लिश नळ्यांवर हे कोरलेलं सापडतं. यात 70 मिमीचं काडतूस बसतं, बंदूक मिटतेही, आणि धोका तिथेच आहे. 70 ही उलगडलेल्या काडतुसाची लांबी. बार उडाला की तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट आवळते, दाब चढतो. बसलं म्हणून चालतं असं नाही.

दोन्ही बोरची काडतुसं वेगळ्या कुलपात हवीत. 20 चं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकतं. मागून बाराचं भरून चाप ओढला की नळी फाटते.

अक्रोडाच्या दस्त्याचा पुढचा भाग तेल मुरून काळा, मऊ पडलाय. बंदूक तोंड वर करून ठेवली की तेल तिथेच उतरतं. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, वाळला की झाडायचा, पूड पांढरी राहीपर्यंत. मग जवसाचं तेल, पण घाण्यावरचं कच्चं नको, ते वाळायला फार दिवस लागतात. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड घ्या. चार-पाच थेंब तळहाताने चोळा, उरलेलं पुसा, पुढचा हात दुसऱ्या दिवशी. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

चेकरिंगला, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या रेषांच्या जाळीला, तेल नाही. रेषा बुजतात. तिथे कोरडा टूथब्रश.