सहा पडले, पण द्यायला काहीच नाही

लीनचं, म्हणजे कामातला वेळ-माल वाया न घालवण्याच्या पद्धतीचं, ट्रेनिंग म्हटलं की प्रोजेक्टर, एसी हॉल आणि नंतर जेवण. सांगलीत विश्रामबागच्या साईटवर मुकादमांपुढे स्लाईड काय दाखवणार, म्हणून मी लुडोचे फासे आणि पिशवीभर चिंचोके घेऊन गेलो.

खेळ तसा जुना, 'परेड ऑफ ट्रेड्स'. पाच जण ओळीत, सेंट्रिंग, फिटर (सळ्या बांधणारा), गवंडी, प्लास्टर, रंग. फाशावर पडेल तेवढे चिंचोके पुढच्याला सरकवायचे, पण आपल्याकडं असतील तेवढेच. एका टीमला साधा फासा, दुसरीच्या फाशावर कागद चिकटवून फक्त ३ आणि ४. सरासरी दोन्हीकडं साडेतीनच, म्हणून ठेकेदार म्हणाला बरोबरीत सुटणार हे. कसलं काय, ३-४ वाले उरकून तंबाखू मळत बसले तरी साध्या फाशावाल्यांचं चालूच, गवंड्यापुढं ढीग आणि रंगवाल्यापुढं फरशी. त्याला नेमके तेव्हाच सहा पडले. "सहा पडून काय करू, द्यायला काय न्हाईच की!" आणि गवंड्याकडं वळून, "मागं पोरं घिऊन असाच बसलोवतो तुझ्यापायी." मग जे पेटलं ते चहा येईपर्यंत.

दुपारी भिंतीवर रंगीत कागद. शुक्रवारी स्लॅब ओतायचा धरून तिथून उलटं मागं यायचं, त्याआधी काय काय व्हायला हवं ते ज्याचं काम त्यानंच लिहायचं. लीन बांधकामाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड यांनी साईट्सवर मोजलं तेव्हा आठवड्यात ठरलेल्या कामांतली ५४ टक्क्यांच्या आसपासच पूर्ण होत होती, आणि आपल्याकडं तर काहीही विचारा, "होतंय की साहेब" तयारच. इलेक्ट्रिशियन मात्र कागद हातात धरून गप्प. दोनदा विचारल्यावर म्हणाला, न्हाई जमणार. इंजिनिअरनं स्लॅबच्या सळ्यांच्या खालची-वरची दोन्ही जाळ्या बुधवारीच धरल्यात, वरची बांधल्यावर पाईप घालायचे म्हणजे पहारीनं सळ्या उचला, त्यात पाईप चेपतो आणि वायर वढताना शिव्या आम्हाला. खालची जाळी झाली की अर्धा दिवस द्या, मग वरची बांधा.

फिटर म्हणाला मला चालतंय की, आधी सांगायचं न्हाई व्हय! (आधी विचारलंवतं कुणी?)

ठेकेदाराचं तोंड कडू झालं, पण फोन काढून आरएमसीवाल्याला (तयार काँक्रीट पुरवणाऱ्याला) तिथंच सांगितलं, गाड्या शनिवारी लावा.