नाफ्प्लिओ: ग्रीसच्या पहिल्या राजधानीत तीन दिवस

अथेन्सहून सकाळी निघालेली बस कोरिंथच्या कालव्यावरून पेलोपोनीज द्वीपकल्पात शिरली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. झाडांवर उरलीसुरली फळे आणि नवा मोहोर एकाच वेळी दिसत होता, आणि बसच्या उघड्या झरोक्यातून त्या मोहोराचा गोड, किंचित उग्र वास आत येत होता. अडीच तासांनी आम्ही उभयता नाफ्प्लिओच्या स्थानकावर उतरलो, तेव्हा समोर डोंगराच्या माथ्यावर तटबंदीची लांब रेघ उभी होती. सह्याद्रीतले किल्ले चढत लहानाचा मोठा झालेल्या माणसाची नजर आधी तटाकडे जाते आणि मग समुद्राकडे, तसेच माझेही झाले.

नाफ्प्लिओ हे आर्गोलिक आखाताच्या काठावरचे छोटे शहर आहे. बहुतेक प्रवासी मायसीनी आणि एपिदाव्रोस या प्राचीन स्थळांना जाताना येथे एक रात्र मुक्काम करतात. आम्ही मात्र तीन दिवस केवळ या शहरासाठी राखून ठेवले होते, कारण १८२९ ते १८३४ या काळात स्वतंत्र ग्रीसची राजधानी येथे होती. चारशे वर्षांच्या तुर्की अमलातून बाहेर पडलेल्या देशाने पहिली काही पावले याच गल्ल्यांमधून टाकली, आणि त्या पावलांचे ठसे अजून इतके जवळजवळ आहेत की दहा मिनिटांच्या चालण्यात एक खून, एक खटला आणि एक संसद यांच्या जागा पाहून होतात.

शहराचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगायला हवा. पोसायडन देवाचा पुत्र नाफ्प्लिओस याने हे गाव वसवले, अशी आख्यायिका आहे. ट्रोजन युद्धात ओडिसियसच्या कपटाला बळी पडलेला बुद्धिमान पालामिदिस हाही याच घराण्यातला मानतात, आणि डोंगरावरच्या पालामिदी किल्ल्याला त्याचे नाव आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसने हे बंदर मिळवले. १५४० मध्ये ते तुर्कांकडे गेले, १६८६ मध्ये व्हेनेशियन सेनापती मोरोसिनीने ते व्हेनिससाठी परत जिंकले आणि १७१५ मध्ये पुन्हा तुर्क आले. व्हेनिसचे लोक त्याला ‘नापोली दी रोमानिया’ म्हणत. या अदलाबदलीचा परिणाम असा, की जुन्या गावात एकाच गल्लीत तुर्की कारंजे, व्हेनेशियन दरवाजा आणि एकोणिसाव्या शतकातील लोखंडी सज्जे असलेली घरे खेटून उभी आहेत. सज्ज्यांवर बोगनवेल चढवलेली असते आणि ती फुलत असताना खालची फरसबंदी तिच्या पाकळ्यांनी भरून जाते.

पहिल्याच दुपारी आम्ही सेंट स्पिरिडॉनच्या चर्चकडे गेलो. १७०२ साली बांधलेले हे चर्च इतके लहान आहे, की गल्लीच्या चढावर ते चटकन लक्षातही येत नाही. दरवाजाच्या उजव्या अंगाला भिंतीत काचेचे एक छोटे तावदान बसवले आहे आणि त्यामागे दगडात एक खळगा दिसतो. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे ९ ऑक्टोबर १८३१ रोजी, रविवारच्या प्रार्थनेसाठी आलेले ग्रीसचे पहिले गव्हर्नर इओआनिस कापोदिस्त्रियास या दारात मारले गेले. तो खळगा त्या वेळच्या गोळीचा, असे सांगतात.

कापोदिस्त्रियास कोर्फू बेटावरचे. रशियाच्या झारचे परराष्ट्रमंत्री म्हणून युरोपभर नाव कमावलेला हा मुत्सद्दी १८२८ मध्ये उद्ध्वस्त देशाचा कारभार हाती घ्यायला आला. तिजोरी रिकामी, शेते ओसाड आणि प्रत्येक खोऱ्यात स्वतःला स्वयंभू समजणारे सरदार, अशी स्थिती होती. त्यांनी ‘फिनिक्स’ नावाचे चलन काढले, शाळा सुरू केल्या आणि नाफ्प्लिओत लष्करी अधिकाऱ्यांचे विद्यालय स्थापन केले. वतनदारांचे अधिकार काढून मध्यवर्ती राज्य उभे करायला गेले, की काय होते हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. मानी प्रांतातील बलाढ्य मावरोमिखालिस घराण्याशी त्यांचा उघड संघर्ष झाला. त्या घराण्याचा प्रमुख पेत्रोबे याला त्यांनी कैदेत टाकले, आणि त्याचा भाऊ कोन्स्तान्दिनोस व मुलगा योर्गोस यांनी चर्चच्या दारात दबा धरून गव्हर्नरांवर हल्ला केला. सेंट स्पिरिडॉन हा कोर्फूचा आराध्य संत आहे. आपल्या गावच्या संताच्या उंबऱ्यावर या माणसाला मरण यावे, हा विचार मला त्या तावदानासमोर उभे असताना सारखा टोचत राहिला.

आम्ही तेथे असताना काळ्या पोशाखातल्या एक वृद्ध बाई आल्या. त्यांनी आत जाऊन मेणबत्ती लावली, बाहेर येताना त्या काचेवरून दोन बोटे हलकेच फिरवली आणि उतारावरून निघून गेल्या. काचेचा तेवढा भाग बाकीच्यापेक्षा धूसर होता, म्हणजे असे करणाऱ्या त्या एकट्या नसाव्यात.

चर्चपासून उतरत आलो, की सिंडाग्मा चौक लागतो. ‘सिंडाग्मा’ म्हणजे राज्यघटना. संगमरवरी फरशी पावलांनी इतकी गुळगुळीत झाली आहे, की संध्याकाळच्या उजेडात ती ओली भासते. मुले चेंडू खेळत असतात, म्हाताऱ्या मंडळींच्या कॉफीचा एकेक पेला तासभर पुरतो. चौकाच्या पश्चिम टोकाला १७१३ मध्ये बांधलेले व्हेनेशियन आरमाराचे कोठार आहे. त्यात आज पुराणवस्तू संग्रहालय आहे. जवळच्या देंद्रा गावी सापडलेले, इसवी सनपूर्व पंधराव्या शतकातील ब्राँझचे संपूर्ण चिलखत येथे ठेवले आहे. एकावर एक रचलेल्या रुंद पट्ट्यांचे ते चिलखत माणसाला गळ्यापासून गुडघ्यापर्यंत झाकते, आणि शेजारी रानडुकराच्या सुळ्यांच्या चकत्या ओळीने शिवून केलेले शिरस्त्राण आहे. होमरने वर्णिलेले असेच शिरस्त्राण ज्याने वाचले आहे, त्याला येथून लवकर हलवणार नाही.

याच चौकाजवळ एक भव्य घुमटाची तुर्की मशीद आहे. तिला आज ‘वुलेफ्तिको’ म्हणजे संसदगृह म्हणतात, कारण स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना १८२५ मध्ये ग्रीक प्रतिनिधींची सभा येथे भरू लागली. नव्या देशाकडे स्वतःच्या इमारती नव्हत्या, म्हणून जेथे छप्पर शाबूत होते तेथे संसद बसली. पुढे १८३४ मध्ये याच घुमटाखाली न्यायालय बसले आणि त्याच्यासमोर आरोपी म्हणून उभे होते थिओदोरोस कोलोकोत्रोनिस.

कोलोकोत्रोनिस हे ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचे सर्वांत मोठे सेनानी. डोंगरी लढाईत मुरलेले, १८२२ मध्ये देर्वेनाकियाच्या खिंडीत तुर्की सेनापती द्रामालीच्या प्रचंड फौजेची धूळधाण उडवणारे. कापोदिस्त्रियास यांच्या खुनानंतर देशात यादवी माजली, आणि महासत्तांनी बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ओटो याला राजा म्हणून पाठवले. फेब्रुवारी १८३३ मध्ये तो याच बंदरात उतरला. त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या बव्हेरियन मंडळाला कोलोकोत्रोनिस यांचा धाक वाटे. काही महिन्यांतच त्यांना आणि त्यांचे सहकारी प्लापुतास यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी देहदंडाच्या बाजूने मत दिले. अध्यक्ष अनास्तासिओस पोलिझोइदिस आणि योर्गोस तेर्त्सेतिस या दोघांनी मात्र पुरावा नाही म्हणून निकालपत्रावर सही करण्यास ठाम नकार दिला. सैनिकांनी त्यांना ओढत आणून न्यायासनावर बसवले, तरी त्यांनी सही केली नाही. निकाल वाचला गेलाच. पुढे देहदंडाऐवजी वीस वर्षांची कैद झाली, आणि १८३५ मध्ये ओटो सज्ञान झाल्यावर कोलोकोत्रोनिस सुटले. आता त्या मशिदीत परिषदा आणि संगीताचे कार्यक्रम होतात. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होते. दगडी पायऱ्यांवर बसून मी बराच वेळ त्या घुमटाकडे पाहत राहिलो. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे होत नाहीत तोच एका देशाने आपला पहिला राष्ट्रप्रमुख गमावला आणि आपल्या सर्वांत मोठ्या योद्ध्याला देहदंड ठोठावला, आणि हे सारे दोन हाकांच्या अंतरात घडले.

दुसऱ्या दिवशी पालामिदी. समुद्रसपाटीपासून २१६ मीटर उंचीवरच्या या किल्ल्याला गावातून पायऱ्या जातात. लोक त्या ९९९ म्हणतात. प्रत्यक्षात त्याहून कमी आहेत, पण उभ्या कड्यावर नागमोडी चढणाऱ्या त्या पायऱ्या दम काढतात. आम्ही निघायला उशीर केला आणि सोबत पाणीही थोडेच घेतले होते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर पत्नीला उन्हाचा चांगलाच त्रास झाला आणि एका कमानीच्या सावलीत अर्धा तास थांबावे लागले. त्या अर्ध्या तासात खाली लाल कौलांचे गाव आणि समुद्रातला बुर्त्झीचा कोट पाहायला मिळाला.

व्हेनिसने हा किल्ला १७११ ते १७१४ या अवघ्या तीन वर्षांत बांधला. आठ बुरुज, आणि प्रत्येक बुरुज म्हणजे स्वतंत्र लढू शकणारा वेगळा कोट. एक पडला तरी दुसऱ्याने झुंज द्यावी, अशी ही रचना आहे. पाण्याची टाकी, दारूकोठारे आणि तटातल्या जंग्या पाहताना मला जागोजागी ओळखीचे काही भेटत होते, फक्त दगड आपला काळा नव्हता. एवढे करूनही बांधकाम संपल्यावर वर्षभरातच तुर्कांनी तो घेतला. ग्रीकांनी तो परत मिळवला ३० नोव्हेंबर १८२२ च्या पहाटे. दीर्घ वेढ्याने उपासमार झालेली शिबंदी हतबल झाली होती. स्ताइकोस स्ताइकोपुलोस याने रात्री निवडक माणसे घेऊन सर्वांत बुटक्या तटाच्या बुरुजावरून आत प्रवेश केला. तो दिवस सेंट अँड्र्यूचा, म्हणून मुख्य बुरुजाला आणि त्यातल्या चिमुकल्या चर्चला त्याचे नाव मिळाले. इतर बुरुजांना ग्रीकांनी लिओनिदास, मिल्तियादिस, अकिलीस अशी प्राचीन वीरांची नावे दिली.

कोलोकोत्रोनिस यांची म्हणून दाखवली जाणारी कोठडी याच परिसरात आहे. आत शिरायला जवळजवळ रांगावे लागते. पुढे अंधार इतका गडद, की डोळे सरावेपर्यंत समोरची भिंत हाताने चाचपावी लागली. दगड गार होता आणि ओलसर. मी आत दोन मिनिटेही थांबलो नसेन. बाहेर आल्यावर ऊन डोळ्यांत सुईसारखे टोचले.

तिसऱ्या दिवशी प्रोनिया भागात गेलो. तेथे खडकात एक भला मोठा निजलेला सिंह कोरला आहे. ओटोबरोबर आलेले अनेक बव्हेरियन सैनिक येथे साथीच्या तापाने मरण पावले, त्यांच्या स्मरणार्थ ओटोच्या वडिलांनी, राजा लुडविगने, हे शिल्प करवून घेतले. परक्या मुलखात तापाने गेलेली ती कोवळी पोरे होती, आणि सिंहाचा चेहराही शांत, थकलेला आहे. गावात परतताना कोंबोलोयचे छोटे संग्रहालय पाहिले. कोंबोलोय म्हणजे ग्रीक पुरुष हातात खेळवतात ती मण्यांची माळ. आज तिचा जपाशी संबंध उरलेला नाही. संग्रहात हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम जपमाळाही आहेत. अंबराचा एक मणी दुसऱ्यावर पडताना मऊ, लाकडासारखा आवाज करतो, हे मला तेथे कळले.

संध्याकाळी धक्क्यावरून बुर्त्झीकडे पाहत बसलो. १४७३ मध्ये व्हेनिसने बांधलेला हा जलकोट आपल्या सिंधुदुर्गापुढे अगदीच लहान, पण बंदराच्या तोंडाशी नेमका बसवलेला. येथून किनाऱ्यापर्यंत साखळी ओढून बंदर बंद करत. १८२२ मध्ये ग्रीकांनी याच कोटावरून गावातल्या तुर्कांवर तोफा डागल्या. पुढे पालामिदीच्या कैद्यांना देहदंड देणारे जल्लाद येथे राहत, कारण गाव त्यांना शेजार द्यायला तयार नव्हते.

निघायच्या सकाळी बसला वेळ होता, म्हणून न्यायालयाच्या इमारतीकडे वळलो. तिच्यासमोर पोलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस यांचे पुतळे आहेत. सही न केल्याबद्दल या दोघांवरही खटला भरला गेला होता आणि ते निर्दोष सुटले. कोलोकोत्रोनिस यांना लिहिता-वाचता फारसे येत नसे. सुटकेनंतर त्यांनी आपल्या आठवणी सांगायला सुरुवात केली, तेव्हा समोर बसून त्या शब्दशः उतरवून घेणारा माणूस होता तेर्त्सेतिस.