कडेवरचं नाव

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आमचं चांदी आटवायचं काम, वडिलांपासूनचं. दिवाळीच्या तोंडावर गडहिंग्लजकडचा एक शेतकरी रुमालात मोड बांधून आला. आईचे तोडे, पैंजणाचा एक जोड आणि दोन पदकं. पोरीची फी भरायची होती.

"शेठ, सगळंच आटवा."

तोडे कसोटीवर घासले, चांगले उतरले. मग पदकं घेतली. एक त्याच्या आबांचं, २० वर्षांच्या सेवेचं. ते तांबं-निकेलचं, मोडीत त्याला काहीच भाव नाही. दुसरं पणजोबांचं, चांदीचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसरीकडं इंग्रजीत 'दीर्घ सेवा आणि सद्वर्तनाबद्दल' अशा अर्थाची ओळ. पुसून पुसून राजाचं नाकडोळं सपाट झालेलं.

"लढाईचं न्हाई ते," तो म्हणाला, "नुस्तं नोकरीचं."

मला जुन्या नाण्या-पदकांचा नाद आहे, म्हणून हे ऐकून राहवलं नाही. म्हटलं, दादा, बसा जरा. इंग्लंडात चौथ्या विल्यम राजानं १८३० साली हे पदक सुरू केलं तेव्हा पायदळाच्या शिपायाला २१ वर्षं आणि घोडदळाच्या शिपायाला २४ वर्षं काढावी लागायची, तीही वर्तणुकीवर डाग न लागता. कंपनी सरकारनं स्वतःचं पदक काढलं १८४८ साली. आपल्या हिंदी शिपायांसाठी वेगळं पदक यायला १८८८ उजाडलं. आणि आबांचं पदक स्वतंत्र भारताचं. ९ आणि २० वर्षांची ही पदकं १९७१ पासूनची. लढाई अंगावर येते तेव्हा माणूस लढतोच. पण वीस वर्षं घरापासून लांब राहून रोज पहाटे उठायचं, ही गोष्ट मला कधीच लहान वाटलेली नाही.

मग पदक आडवं धरून कडेला भिंग लावलं. तोंडं झिजतात, पण कडेला कुणी पुसत नाही. तिथं बारीक अक्षरं शाबूत होती : नंबर, हवालदार, नाव, आणि पलटण '५ मराठा'. तो बघतच राहिला. त्याला ते माहीतच नव्हतं.

त्यानं घरी फोन लावला, स्पीकर चालू केला. मी नंबर वाचायला लागलो. दोनच आकडे झाले असतील, तोवर पलीकडून आबांनी उरलेले आकडे धडाधड म्हणून टाकले. पेन्शन आणायला बापाचा हात धरून ते ट्रेझरीत जायचे. तिथं याच नंबरानं पुकारा व्हायचा.

"कुठं घावला तुला त्यो नंबर?" आबांनी विचारलं.

तो काही बोलेना. मीच सांगितलं, पदकावर आहे. पलीकडं बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग, "घिऊन ये घरला."

मुशीत तोडे आणि पैंजण गेले. फी त्यात भागत होती. थोडे कमी पडत होते, ते मी मजुरी न धरता जमवले. निघताना तो म्हणाला, पदक जरा चकचकीत करून द्या. मी नको म्हटलं. बफ, म्हणजे चकाकीचं फिरतं चाक, लावला असता तर कडेची अक्षरंही गेली असती. दोन्ही पदकं मऊ कापडात वेगवेगळी गुंडाळून त्याच्या हातात दिली.