मुलगा काय करतो?

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने मला 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' बघायला बसवलं. 61 भाग. 2005 ते 2008 या काळात अमेरिकेत निकलोडियनवर लागलेलं कार्टून, म्हणजे पोरगी जन्मण्याच्या आधीचं. पण नायिकेचं, म्हणजे कटाराचं, चुकीच्या मुलाशी जमवलं, हा तिचा राग अगदी ताजा.

स्थळं दोन. आंग बारा वर्षांचा (बर्फात गोठून काढलेली शंभर वर्षं धरायची नाहीत), गुणी, शाकाहारी, सगळ्या जगाला वाचवायचं काम अंगावर. झुको सोळाचा, राजपुत्र. बापानेच तोंड भाजलेला आणि घराबाहेर काढलेला. आंगवाले ते कटांग, झुकोवाले ते झुटारा. भाची कट्टर झुटारा. सुरुवातीला झुकोने कटाराला झाडाला बांधून ठेवलं होतं, याची आठवण तिला करून द्यायची नाही.

पहिल्याच पर्वात एक ज्योतिषीणबाई कटाराला सांगते, तुझा नवरा फार ताकदवान बेंडर (पाणी, माती, आग, हवा यांना हवं तसं वळवणारा) असेल. दोन्ही मुलं ताकदवान! आमच्याकडचे गुरुजीही असंच बेतानं बोलतात.

खरी गंमत त्या कुपीची आहे. कटाराच्या गळ्यात उत्तर ध्रुवावरच्या पवित्र पाण्याची एकच कुपी असते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, तळघरातल्या कैदेत, त्या पाण्याने झुकोचा व्रण बरा करून बघू का, असं ती विचारते, त्याच्या गालावर हात ठेवते. तेवढ्यात आंग येऊन पोचतो. थोड्याच वेळात झुको फितूर होतो, त्याची बहीण आंगवर वीज सोडते, आणि तेच पाणी आंगला परत आणायला खर्ची पडतं. कटांगवाले म्हणतात, बघा, शेवटी कुणासाठी वापरलं. भाची म्हणते, पण आधी देऊ कुणाला केलं? मी दोनदा बाजू बदलली.

मला खुपलं ते वेगळंच. शेवटाच्या जरा आधी आंग कटाराला मनातलं विचारतो. माझा गोंधळ झालाय, असं ती स्वच्छ सांगते, तरी हा मुका घेतो; ती चिडते. त्यानंतर या विषयावर दोघांत अवाक्षर नाही, आणि एकदम शेवटी बा सिंग से नावाच्या शहरातल्या एका सज्जात ती आपणहून त्याला जवळ घेते. मधल्या काळात गोंधळ कसा मिटला, ते कुणी दाखवलंच नाही. त्या रिकाम्या जागेतच तर ही सगळी मंडळी इतकी वर्षं भांडतायत. पुढच्या मालिकेत या जोडप्याला तीन मुलं झाल्याचं कळतं, तरीही.

सज्जातल्या त्या दृश्याशी भाचीने लॅपटॉप थांबवला आणि उसासा टाकला. वाती वळत बसलेल्या आईने चष्मा वर केला.

"हे चहाचं दुकान कुणाचं?"

"झुकोच्या काकांचं, आजी."

"चालतं चांगलं?"

"खूप."

"मग तिथेच द्यायची होती की!"

भाचीने माझ्याकडे बघितलं. दोन विरुद्ध एक.