१:२०० मॉडेलसाठी तारेची झाडं: सांगाडे, साल आणि निम्मी पानं पूर्ण

मॉडेल तीन मजली इमारतीचं, प्रमाण १:२००. आवारात एकूण ६४ झाडं: ८ मीटर उंचीची ४० मोठी, ५ मीटरची १६ लहान आणि मागच्या हद्दीला ८ सुचीपर्णी. मोठ्या आणि लहान झाडांचे सांगाडे तयार आहेत, साल चढली आहे, मोठ्यांपैकी निम्म्यांना पानं लागली आहेत. सुचीपर्णी झाडांना अजून हात लावलेला नाही, पण त्यांची पद्धत ठरली आहे. ती पुढे येईलच.

आधी आकडे, कारण झाड बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. ८ मीटरचं झाड १:२०० ला ४० मिमी. ६ मीटरचा घेर, म्हणजे फांद्या-पानांचा पसारा, ३० मिमी. ३०० मिमी जाडीचा बुंधा फक्त १.५ मिमी. माणूस साडेआठ मिमीचा, आणि त्याला फांद्यांखालून चालत जाता आलं पाहिजे, म्हणजे पहिली फांदी जमिनीपासून ११ मिमीच्या खाली नको. १० सेंटिमीटरचं पान अर्ध्या मिमीचं होतं. म्हणून पानांसाठी लावायच्या स्पंजच्या भुग्याचा दाणा १ मिमीच्या वर गेला की झाडाला पानं नाही, बटाटे लागल्यासारखे दिसतात. हे सगळे आकडे एका पट्टीवर खुणा करून टेबलावर चिकटवून ठेवावेत. हातात झाड घेऊन काम करताना ते नेहमी आहे त्यापेक्षा लहान वाटतं, आणि मग बुंधा जाड होतो, घेर वाढतो, शेवटी शेजारची इमारत दोन मजल्यांची वाटायला लागते. मॉडेलमधलं झाड इमारतीचं माप सांगायला असतं. जात ओळखू आली नाही तरी चालतं, माप चुकलेलं चालत नाही.

तार

घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिमीची लवचीक तांब्याची तार या प्रमाणाला नेमकी बसते. तिच्यात साधारण ०.२५ मिमीचे ३० पदर असतात आणि सगळे मिळून पिळाची जाडी १.६ मिमीच्या आसपास भरते, म्हणजे मोठ्या झाडाचा बुंधा आयताच मिळतो. सगळ्या तारा इतक्या पदरांच्या नसतात. कमी पण जाड पदरांची तार घेतली तर बुंधा जमतो, शेंडे मात्र काटक्यांसारखे राहतात. घेण्याआधी टोक सोलून पदर मोजावेत. वाइंडिंगची एनॅमल चढवलेली तार टाळलेली बरी: ती लवचीक असते, पण एनॅमल खरवडल्याशिवाय सहसा सोल्डर धरत नाही.

एका मोठ्या झाडाला ६५ मिमी तार लागते. १२ मिमी जमिनीखालच्या खुंटीला, ११ मिमी मोकळ्या बुंध्याला, उरलेली ४२ मिमी घेराला. घेराची उंची २९ मिमीच असली तरी फांद्या तिरक्या जातात, पीळ लांबी खातो आणि शेवटी शेंडे छाटायचे असतात. ४० झाडांना २.६ मीटर, तुटफूट धरून ३ मीटर. लहान झाडांना ४५ मिमीचा तुकडा पुरतो. त्याचे पदर सुटे करून दहा-दहाचे तीन जुडगे केले की एका तुकड्यातून तीन झाडं निघतात, आणि दहा पदरांचा बुंधा ०.९ मिमीचा येतो. १६ झाडांसाठी सहा तुकडे.

प्लॅस्टिकचं आवरण एकदम सगळं काढू नये. खुंटीच्या बाजूला १० मिमी ठेवावं. पीळ देताना तीच मूठ होते आणि पदर खालून सुटत नाहीत. सोल्डर करायच्या आधी ते काढून टाकायचं, नाहीतर वितळून बुंध्याला चिकटतं.

पीळ आणि फांद्या

तारेला कारखान्यातूनच एका दिशेचा पीळ असतो. आपला पीळ त्याच दिशेने द्यायचा. उलटा दिला की पदर आधी उकलतात, फुगतात, आणि बुंध्यात मधेच पिंजरा तयार होतो. तो नंतर कितीही दाबला तरी बसत नाही. खुंटी पकडीत धरून ११ मिमीच्या खुणेपर्यंत पाच-सहा वेढे पुरतात. जास्त दिले तर तांबं कडक होतं आणि फांद्या वळवताना पदर तुटायला लागतात.

फांद्यांची वाटणी सारखी करायची नाही, ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट. ३० पदरांचे ९, ८, ७ आणि ६ असे चार गट करावेत आणि तेही एकाच उंचीवरून फोडू नयेत: पहिला ११ मिमीवर, दुसरा १३ वर, उरलेले दोन १६ वर. ९ चा गट मधोमध सरळ वर जातो आणि झाडाची उंची ठरवतो. चारही गट सारखे आणि एकाच जागी फोडले तर उलटी छत्री तयार होते. प्रत्येक गटाला ४–५ मिमी पीळ, मग त्याचे दोन भाग, पुन्हा ४–५ मिमी पीळ, आणि शेवटी सुटे पदर १० ते १२ मिमी. पदर सुटे केल्यानंतर पीळ देऊ नये, नुसतं वळवावं. फांदी बुंध्यातून निघताना साधारण ४५ अंशात निघते आणि टोकाकडे किंचित वर वळते. आडवी काढून वर काटकोनात मोडलेली फांदी मेणबत्तीच्या स्टँडची आठवण करून देते.

सुटे शेंडे कात्रीने छाटायचे ते झाड फिरवत फिरवत, घेर ३० मिमीच्या पुठ्ठ्याच्या गोलातून जेमतेम जाईल एवढा. अगदी गोल कापू नये. दोन-तीन शेंडे २ मिमीने बाहेर राहिले तर बरे दिसतात.

बुंधा उकलू नये म्हणून फाट्याच्या खाली सोल्डरचा एक टिपका. तो पदरांत शिरतो आणि दोरीसारखी दिसणारी खाच बरीचशी बुजते. सोल्डरिंग गन नसेल तर पातळ सायनोअ‍ॅक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा) एक थेंब खुंटीच्या टोकाला लावला तरी तो पदरांमधल्या फटीतून आपोआप वर चढतो. पण फांद्या वळवून झाल्यावरच लावायचा. सोल्डर केलं असेल तर फ्लक्सचा (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेल्या पदार्थाचा) चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या ब्रशने पुसून काढावा, कारण त्यावर रंग बसत नाही, महिन्याभरात पापुद्रा निघतो.

साल

सोल्डरनंतरही बुंध्यावर पीळ दिसतोच. पांढरा पीव्हीए गोंद ३ भाग, पाणी १ भाग, आणि त्यात टाल्कम पावडर, मिश्रण ब्रशवरून ओघळणार नाही इतपत. शून्य नंबरच्या ब्रशने फक्त बुंध्यावर आणि पहिल्या फाट्यापर्यंत. दोन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळू द्यायचं. एकच जाड थर दिला तर गोंदातलं पाणी उडताना तो आकसतो आणि उभ्या भेगा पडतात. १:५० ला या भेगा सालीसारख्या शोभल्या असत्या, १:२०० ला त्या नुसत्या भेगाच दिसतात. खुंटीवर लेप जाऊ देऊ नये, नाहीतर ती भोकात शिरत नाही.

रंगवताना झाडं उभी कशात करायची? हाताशी थर्मोकोल असतं म्हणून सगळे त्यातच खोचतात, आणि स्प्रे मारला की त्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल वितळवतं, झाडं आडवी होऊन एकमेकांना चिकटतात. त्यापेक्षा नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या कडेवर उभ्या करून बांधाव्यात. कडेला दिसणाऱ्या नळ्यांमध्ये खुंटी खोचून टेकवली की झाड उभं राहतं, आणि एका पट्टीवर दहा-बारा मावतात. स्प्रे २०–२५ सेंटिमीटरवरून, पातळ हात, प्रत्येक हातानंतर पट्टी फिरवायची.

रंग मॅट राखाडी, त्यात थोडासा तपकिरी. उलटं नको. डब्यातला तयार तपकिरी रंग लालसर आणि चॉकलेटी दिसतो, खरी साल लांबून करडीच असते. या मॉडेलची इमारत पांढरी असल्याने सगळी झाडं पांढरीच ठेवायचा विचारही झाला. पांढऱ्या मॉडेलला तो पर्याय उत्तम, पण इथे आवारातली सावलीची जागा दाखवायची आहे, म्हणून फिकट हिरवा. तांबं उघडं ठेवायचं असेल तर मॅट लॅकरचा हात आवश्यक आहे, नाहीतर काही झाडं आधी काळवंडतात, काही नंतर, आणि रांग डागाळलेली दिसते.

पानं

गादीच्या पॉलियुरेथेन स्पंजचे २ सेंटिमीटरचे तुकडे, मिक्सरच्या वेगळ्या ठेवलेल्या भांड्यात, तुकडे बुडतील एवढं पाणी घालून. कोरडा स्पंज पात्यांवर नुसता उडत राहतो, ओला कापला जातो. पाच सेकंद चालवायचं, थांबायचं, हलवायचं. सलग चालवलं तर मोटर तापते. पाणी पिळून भुग्यात अ‍ॅक्रिलिक रंग चोळावा, कागदावर पसरून वाळवावा आणि वाळताना दोनदा बोटांनी मोकळा करावा, नाहीतर गोळे होतात. मग १ मिमीच्या चाळणीतून. वर राहिलेला भरडा झुडपांना उपयोगी. रंगाच्या दोन छटा कराव्यात, फरक अगदी थोडा. तीन-चार हिरवे एकत्र आले की नजर इमारतीवरून उडते.

लाकडाचा भुसा स्वस्तात भागतो, पण तो गोंद पितो, काळपट पडतो आणि घेर चपटा दिसतो. स्पंजचाही दोष आहे: उजेडात तो काही वर्षांनी पिवळा पडून भुरभुरतो. कायम प्रदर्शनात राहणारं मॉडेल असेल तर पानांशिवायची तारेची झाडं जास्त टिकतील.

गोंद लावायची पद्धत: पीव्हीए २ भाग, पाणी १ भाग, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. थेंब महत्त्वाचा आहे. तो नसेल तर मिश्रण शेंड्यांवर न पसरता फाट्यांमध्ये मणी होऊन बसतं आणि दोन फांद्यांमध्ये पडदा धरतं. थेंबाचे तीन थेंब झाले की फेस येतो आणि तोही फांद्यांत अडकतो. झाड उलटं धरून घेराचा फक्त बाहेरचा अर्धा भाग बुडवायचा, वर काढून एक झटका, मग ट्रेवर धरून चमच्याने वरून भुगा शिंपडायचा. एका झाडाला सपाट अर्धा चमचा घ्यावा, त्यातला बराचसा ट्रेमध्येच परत पडतो. पाणी मिसळलेला गोंद ओला असेपर्यंत भुगा दाबू नये. दाबला की दाणे गोंदात बुडतात आणि वाळल्यावर रबरी गोळा होतो. उलटं टांगून वाळवलं तर फांद्या खाली वाकत नाहीत.

एकच थर. दुसरा थर देण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच झाडाचा फ्लॉवरचा गड्डा होतो. झाड खिडकीसमोर धरलं तर घेरातून उजेड आरपार दिसला पाहिजे आणि मधल्या फांद्या ओळखू आल्या पाहिजेत. इमारतीच्या दर्शनी बाजूच्या सहा झाडांना तर आणखी कमी भुगा दिला आहे, कारण त्यांच्यामागे खिडक्या आहेत. वाळल्यावर हेअरस्प्रेचा एक हलका हात, ३० सेंटिमीटरवरून. जवळून मारला तर दाब भुगाच उडवतो.

राहिलेलं

उरलेल्या मोठ्या झाडांची आणि लहानांची पानं. सुचीपर्णींसाठी ०.५ मिमीची तार दुहेरी दुमडून, मध्ये २० मिमी लांबीचे सिसलचे (घायपाताचे) धागे विरळ पसरून, ड्रिलमध्ये सगळ्यात कमी वेगावर पिळायची, मग कात्रीने शंकू कापायचा. धागे दाट घातले की बाटली धुवायचा ब्रश तयार होतो, विरळच हवेत. त्यांवर भुगा फार बारीक, फक्त टोकांना.

बेस ५ मिमीच्या फोमबोर्डचे दोन थर आहे. भोकं २ मिमीची, १२ मिमीची खुंटी बसेल अशी, म्हणजे तळाला चिकटवलेल्या ३ मिमी पुठ्ठ्यात २ मिमी शिरणारी. झाडं आत्ता गोंदाने बसवणार नाही. मॉडेल हलवताना मोठी झाडं काढून नालीदार पट्टीवरच नेता येतात, आणि आराखडा बदलला तर झाड उपटावं लागत नाही. खुंटीला मधे किंचित बाक दिला की ती भोकात घट्ट धरते. रस्त्याकडेच्या रांगेत मध्यापासून मध्य ४० मिमी, म्हणजे दोन घेरांत १० मिमी मोकळे. बागेतली झाडं तीन-तीन, पाच-पाचच्या झुबक्यांत, घेर एकमेकांत थोडे शिरलेले.

वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण येणार आहे, सगळ्यात उंच शेंड्याच्या वर १५ मिमी मोकळी जागा ठेवून. अ‍ॅक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि सुटा राहिलेला भुगा उडून आतून चिकटतो. म्हणून लावणीनंतर आधी मऊ ब्रशने आणि फुंकणीने सगळा सुटा भुगा काढायचा, झाकण आतून किंचित ओलसर फडक्याने पुसायचं, पूर्ण वाळल्यावरच बसवायचं.