पाच वाजता यादीत उरलेलं नाव

पेनसिल्व्हेनियात 2008 साली आधीच मतदान करून मोकळं होण्याची सोय नव्हती. पोस्टानं मत द्यायचं तर आजारपण, परगावी असणं असं काहीतरी कारण द्यावं लागे. त्यामुळे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बराक ओबामांच्या प्रचारासाठी आम्ही स्वयंसेवकांनी उन्हाळ्यापासून जे काही केलं होतं, ते 4 नोव्हेंबरच्या मंगळवारी सकाळी सात ते रात्री आठ या तेरा तासांत फळाला यायचं किंवा वाया जायचं होतं. मतदानाच्या दिवशी इथे सरसकट सुट्टी नसते. लोक कामावर जाण्याआधी नाहीतर आल्यावर मत देतात आणि दिवस अंगावर आला की राहूनही जातं. आमचं काम ते राहू न देण्याचं होतं.

मी फिलाडेल्फियाच्या वेशीवर, बक्स काउंटीतल्या बेन्सालेममध्ये राहते. त्याच वर्षी मला नागरिकत्व मिळालं होतं, म्हणजे अमेरिकेतलं माझं हे पहिलंच मतदान. सकाळी सातला स्वतःचं मत देऊन मी थेट लेव्हिटटाउनला गेले. एका शिक्षिकेच्या घराचं गॅरेज हे आमच्या भागाचं केंद्र होतं. भिंतीवर नकाशे चिकटवलेले, टेबलावर क्लिपबोर्डांची चळत, कोपऱ्यात कॉफी. नाशिकच्या एक काकू मुलाकडे आल्या होत्या. त्यांनी पहाटे उठून केलेले बटाटेवडे दहाच्या आत संपले. एच-वन व्हिसावरचा पुण्याचा एक मुलगा गाडी घेऊन हजर होता. त्याला मत नाही, उमेदवाराला देणगी देण्याचीही परवानगी नाही, पण विनामोबदला काम करायला कायद्याची हरकत नाही. ज्यांना मतदान केंद्रापर्यंत जाता येत नाही त्यांना नेण्या-आणण्याचं काम त्यानं दिवसभर केलं.

लेव्हिटटाउनबद्दल थोडं सांगायला हवं. 1952 ते 1958 या काळात लेव्हिट कंपनीनं इथे 17,311 घरं बांधली. एका विभागातल्या बहुतेक सगळ्या गल्ल्यांची नावं एकाच अक्षरानं सुरू होतात. अंधारात टॉर्च घेऊन पाट्या वाचताना डोकं गरगरायला लागतं. शिवाय लेव्हिटटाउन हे कागदोपत्री गावच नाही. ते ब्रिस्टल, फॉल्स, मिडलटाउन आणि टलीटाउन अशा चार कारभारांत विभागलेलं आहे. माणूस बिनधास्त सांगतो, 'मी लेव्हिटटाउनचा', पण त्याचं मतदान केंद्र कुठलं हे घराच्या पत्त्यावरून बघूनच सांगावं लागतं. चुकीच्या केंद्रावर तासभर रांगेत उभा राहिलेला माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या केंद्रावर जात नाही, घरी जातो. म्हणून प्रत्येकाच्या हातात केंद्राचा पत्ता लिहिलेला कागद द्यायचा, घरी कोणी नसेल तर तो दाराच्या मुठीला अडकवायचा. टपालपेटीत टाकायचा नाही, तिथे टपाल खात्याशिवाय कोणी काही टाकणं बेकायदा आहे. हे नव्या स्वयंसेवकाला आम्ही सगळ्यात आधी सांगायचो.

या सगळ्याची बांधणी मला फार मोलाची वाटली आणि अजूनही वाटते. मार्शल गँझ हे हार्वर्डमध्ये शिकवणारे गृहस्थ. 1964 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ते मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला गेले होते, नंतर सोळा वर्षं सेझार चावेझ यांच्याबरोबर शेतमजुरांच्या संघटनेत होते. ओबामांच्या मोहिमेतल्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण ज्या धर्तीवर झालं, ती आखण्यात त्यांचा मोठा हात होता. पगारी माणूस कमी, गल्लीतला माणूस जास्त. आमच्या भागाला बावीस-तेवीस वर्षांचा एक पगारी संघटक होता. तो स्वतः फार कमी दारं वाजवायचा, दारं वाजवणारी माणसं शोधायचा. फोनचं काम एकाकडे, दारोदार फिरण्याचं दुसऱ्याकडे, आकड्यांचं माझ्याकडे. औषध कंपनीत मी डेटाचंच काम करत होते, त्यामुळे ते आपसूकच आलं. त्या सप्टेंबरात रिपब्लिकन अधिवेशनात ओबामांच्या 'कम्युनिटी ऑर्गनायझर' या जुन्या कामावरून, म्हणजे वस्तीतली माणसं जोडण्याच्या कामावरून, मंचावरून टोमणे मारले गेले, तेव्हा आमच्या गॅरेजमध्ये लोकांना ते मनापासून लागलं होतं.

प्रशिक्षणात धोरणांवर वाद घालायला शिकवलं नाही. तुम्ही या दारात का उभे आहात ते दोन मिनिटांत सांगा, एवढंच. माझं कारण साधं होतं. माझा मुलगा पोटात असताना नवऱ्याची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर आरोग्यविमा गेला. स्वतःच्या पैशानं तो चालू ठेवायला जो हप्ता भरावा लागला, त्यात आमची बचत संपली. मी तेच सांगायचे. दारात उभं राहून, माझ्या मराठी वळणाच्या इंग्रजीत.

बोलणं झालं की कागदावर एक ते पाचमधला एक आकडा. एक म्हणजे पक्का आपला, तीन म्हणजे कुंपणावर, पाच म्हणजे पक्का रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेनचा. मतदानाच्या दिवशीची यादी फक्त एक आणि दोन वाल्यांची असते. बाकीच्यांकडे त्या दिवशी जायचं नाही.

आता यादीतल्या एका घराबद्दल. त्या घरातल्या बाईंच्या नावापुढे एक होता, त्यांच्या नवऱ्याच्या नावापुढे तीन. हे तीन मीच ऑक्टोबरात लिहिलं होतं. सत्तरीचे गृहस्थ, फेअरलेस हिल्सच्या पोलाद कारखान्यात उभी हयात गेलेली. 1991 मध्ये तिथलं पोलाद वितळवणं बंद झालं, तेव्हा तेही घरी बसले. आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षालाच मत दिलेलं. एप्रिलमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्यांनी ओबामांविरुद्ध हिलरी क्लिंटन यांना मत दिलं होतं. आमच्या काउंटीत त्या मोठ्या फरकानं पुढे होत्याच. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी जाळीच्या दाराआडूनच 'नको' म्हटलं. पुढच्या वेळी डोक्यावर बेसबॉलच्या फिलीज संघाची लाल टोपी होती. त्या ऑक्टोबरात फिलीज जगज्जेतेपदासाठी खेळत होते आणि सामन्याच्या वेळी दार वाजवणं हा अपराधच होता. मी आधी स्कोअर विचारला. मग ते बाहेर पायरीवर आले.

ओबामांबद्दल ते एकच वाक्य बोलले, "मी त्या माणसाला ओळखत नाही." मी वाद घातला नाही. विम्याची माझी हकीकत सांगितली. ते खाली बघत ऐकत होते. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "माझं ठरलंय, तिला लिहून घेऊ दे." बाईंच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि ती नळी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीपर्यंत जमिनीवरून आली होती. त्या नळीच्या लांबीएवढंच त्यांचं घर.

त्या वर्षी पोलाद कामगारांच्या संघटनेतही ओबामांच्या वर्णाचा विषय उघडपणे बोलला जात होता. जुलैत त्यांच्या अधिवेशनात कामगार नेते रिचर्ड ट्रुमका यांनी कामगारांना तोंडावर सांगितलं होतं की वर्णामुळे ओबामांना मत न देणाऱ्या आपल्याच माणसांशी आपण बोललं पाहिजे. हे बोलणं बाहेरच्याचं नाही, खाणकामगाराच्या मुलाचं होतं, म्हणून त्याला वजन होतं. माझं ते काम नव्हतं. माझं काम त्यांच्या दारात पुन्हा जाणं.

मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत आकडे चांगले येत होते. केंद्रांवरचे आमचे प्रतिनिधी मत दिलेल्यांची नावं कळवत, मी गॅरेजमध्ये बसून ती पेनानं खोडत असे. महाराष्ट्रात केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते मतदारयादीवर रेघा मारतात, अगदी तेच. चार वाजता नव्या याद्या काढल्या. बाईंचं नाव खोडलेलं नव्हतं. तीन तासांपूर्वी आमची मुलं दार वाजवून आली होती, कोणी उघडलं नव्हतं. पाचला पुन्हा पाहिलं, नाव तसंच. मी क्लिपबोर्ड दुसऱ्या बाईंकडे दिला आणि निघाले.

दोनच दिवसांपूर्वी घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे पाचलाच अंधार. दार गृहस्थांनीच उघडलं. सकाळपासून दोघं दवाखान्यात होते, नुकतेच परतले होते. बाई आरामखुर्चीत, कोट अजून अंगातच. म्हणाल्या, "राहू दे गं. रांग असेल, माझ्याच्यानं उभं राहवणार नाही."

शिकवल्याप्रमाणे मी तीनच गोष्टी विचारल्या. किती वाजता निघाल? कशानं जाल? बरोबर कोण असेल? वरवर पाहता हे फालतू वाटतं. पण डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी त्याच वसंतातल्या पेनसिल्व्हेनियाच्या प्राथमिक निवडणुकीत याच धर्तीचा प्रयोग केला होता आणि 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना फोनवर असे प्रश्न विचारले गेले, त्यांच्यात मतदान सुमारे चार टक्क्यांनी जास्त झालं. 'मत द्या' एवढंच सांगितलेल्यांत तेवढा फरक पडला नाही. घरात एकच मतदार असेल तिथे परिणाम आणखी मोठा होता.

बाई म्हणाल्या, "कशानं जाणार? सिलिंडर कोण उचलणार?" मी म्हटलं, "आमची गाडी आहे, मुलगा तरुण आहे, तो उचलेल. तुम्हाला खुर्ची मिळेल, मी बरोबर येते." आणि पुण्याच्या त्या मुलाला फोन लावला.

तेवढ्यात गृहस्थ उठले. खुंटीवरून किल्ल्या काढल्या. "गाडी नको. माझी बायको आहे, मी नेतो."

छोटा सिलिंडर खांद्याला लावून, नळी बदलून, बाईंच्या कोटाची वरची गुंडी लावताना, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "त्या वर्षी डीपग्रीन लेनवर मी गेलो होतो. एकोणीस वर्षांचा होतो."

कुठलं वर्ष ते सांगावं लागलं नाही. लेव्हिट कंपनी लेव्हिटटाउनमधली घरं फक्त गोऱ्यांना विकत असे. 1957 च्या ऑगस्टमध्ये बिल आणि डेझी मायर्स हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब डीपग्रीन लेनवर राहायला आलं, तेव्हा शेकडोंचा जमाव त्यांच्या घरासमोर जमला, खिडक्यांवर दगड पडले. जमाव अनेक रात्री येत राहिला. मायर्स कुटुंब हललं नाही. हे मी वाचलेलं होतं. तिथे गेलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. दगड मारला की नुसतं बघितलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. बाई नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना हे माहीत होतं असं चेहऱ्यावरून वाटलं नाही.

केंद्र अग्निशमन दलाच्या इमारतीत होतं. रांग दारापर्यंत आलेली. प्रचाराच्या माणसाला मतदानाच्या खोलीपासून दहा फूट लांब राहावं लागतं, म्हणून मी बाहेरच थांबले आणि दारातल्या माणसाकडून आत निरोप पाठवला. इथे प्रत्येक केंद्राचा प्रमुख लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याला 'जज ऑफ इलेक्शन्स' म्हणतात. या केंद्राच्या जज एक बाई होत्या. स्वतः खुर्ची घेऊन बाहेर आल्या, सिलिंडर बघितला आणि रांगेतल्यांना विचारलं, "यांना पुढे जाऊ द्यायचं?" लोक बाजूला झाले. आमच्या बाई पुढे गेल्या. गृहस्थ गेले नाहीत. त्यांना पुढे जायला कोणीच हरकत घेतली नसती, पण ते मुकाट्यानं रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पुढे सरकत सरकत त्यांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. बाई खुर्चीत बसून त्यांची वाट बघत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याशी हात मिळवला. कोणाला मत दिलं ते बोलले नाहीत, आणि मत गुप्त असतं, मी विचारणार नव्हते. त्यांच्या नावापुढचं तीन मी तसंच ठेवलं.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. पेनसिल्व्हेनियाचा निकाल रात्री नऊच्या आत टीव्हीवर आला, साधारण दहा टक्क्यांचा फरक. आमच्या काउंटीतही ओबामा पुढे होते. अकराला देशाचा निकाल आला तेव्हा गॅरेजमध्ये सगळे रडत होते, शिक्षिकेचे वडील सोडून. ते मॅकेनचे मतदार. ते शांतपणे आम्हा सगळ्यांसाठी कॉफी ओतत होते.

पण मला सांगायचंय ते पुढच्या दोन वर्षांचं. जानेवारी 2009 मध्ये ही सगळी स्वयंसेवकांची संघटना पक्षाच्या राष्ट्रीय समितीत विलीन झाली. आम्हाला ईमेल येत: या विधेयकासाठी फोन करा, त्या खासदाराला लिहा. गल्लीत काय चाललंय हे कोणी विचारलं नाही. पगारी संघटक दुसऱ्या राज्यात गेला. इतक्या कष्टानं उभी केलेली माणसांची साखळी अशी सुटी होऊ द्यायला नको होती, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. 2010 च्या मध्यावधी निवडणुकीत आमच्या मतदारसंघातली अमेरिकी संसदेची जागा आमच्या पक्षाच्या हातून गेली. 2024 मध्ये तर बक्स काउंटी 1988 नंतर प्रथमच अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराच्या मागे गेली, तीही काहीशे मतांच्या फरकानं. काहीशे मतं म्हणजे लेव्हिटटाउनच्या थोड्या गल्ल्या.

2010 च्या उन्हाळ्यात मी क्लिपबोर्ड घेऊन त्या घरी गेले. गृहस्थ वारले होते. बाईंनी मला ओळखलं, आत बसवलं. म्हणाल्या, "त्या दिवसानंतर तुमच्याकडून कोणी आलं नाही." मग त्यांनी घरासमोरचं गटार दाखवलं. जोराचा पाऊस आला की पाणी तुंबून अंगणात शिरायचं आणि ऑक्सिजनचं यंत्र ठेवलेल्या खोलीत ओल यायची. टाउनशिपला, म्हणजे इथल्या स्थानिक कारभाराला, फोन केले होते, काही झालं नव्हतं.

आमच्या कागदावर एक ते पाच होते, गटारासाठी जागा नव्हती. मी ते मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं, उमेदवाराचा विषय त्या दिवशी काढलाच नाही. पुढच्या महिन्यात टाउनशिपच्या सभेला त्यांना गाडीतून घेऊन गेले. सिलिंडर पुण्याच्या त्याच मुलानं उचलला.