चौथा खण

खणांच्या डब्याचा चौथा खण रिकामा ठेवता येत नाही. तसा कुठे नियम नाही, पण नाहीच ठेवता येत. एका खणात पोळी, दुसऱ्यात भाजी, तिसऱ्यात फळाच्या फोडी, इथवर सकाळ सुरळीत जाते. मग उरतो तो कोपऱ्यातला, जेमतेम काडेपेटी मावेल एवढा खण. तो ओट्यावरून आ वासून बघत राहतो. ‘राहू द्या की मोकळा,’ असं आमची ही म्हणते खरी, पण शाळेतल्या ताईंना काय वाटेल हा विचार तिच्याच मनात आधी येतो आणि मनुका शोधायला फडताळातले सगळे डबे खाली निघतात.

पूर्वी मुलाच्या डब्यात काय द्यायचं हे घरात काय केलंय त्यावर ठरायचं. आता ते डब्याला खण किती त्यावर ठरतं. हे माझं मत मी घरात पुरेशा वेळा बोलून दाखवलेलं आहे.

मुलगा आणि सूनबाई दोघंही हिंजवडीला. तिथं वेळेवर पोचायचं तर घर कधी सोडावं लागतं हे पुणेकराला सांगायला नको. त्यामुळे नातीचा डबा आमच्याकडे. पोळी-भाजी हिच्याकडे आणि भरायचं खातं माझ्याकडे. निवृत्तीनंतर मिळालेलं एवढं एकच खातं, म्हणून मी त्यात जरा जास्तच लक्ष घालतो असं घरात बोललं जातं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला, त्यामुळे हा खणांचा खल निदान उजेडात तरी होतो.

डबा आणायला तुळशीबागेत जायचं ते मे महिन्यातच. जून उजाडला की तिथं छत्र्या, रेनकोट, पाण्याच्या बाटल्या आणि आया यांची अशी दाटी होते की डबा हातात घेऊन उघडूनसुद्धा बघता येत नाही. आणि डबा ही बघूनच घ्यायची वस्तू आहे. फोनवरच्या फोटोत सगळेच डबे गुणी दिसतात, कारण फोटोतला डबा टेबलावर आडवा ठेवलेला असतो. शाळेत जाणारा डबा आडवा कधीच नसतो. दप्तरात तो उभा असतो, रिक्षात उलटा असतो, आणि दप्तर टाकून नात घसरगुंडीकडे पळाली की मग तो कसा असतो हे कुणालाच माहीत नसतं.

म्हणून सगळ्यात आधी बघायचं ते आतल्या भिंतींकडे. बहुतेक डब्यांच्या झाकणाला कडेनं रबरी रिंग असते, ती घट्ट बसते, बाहेर थेंब येत नाही. दुकानदार ‘लीकप्रूफ’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण आतल्या भिंती झाकणापेक्षा दोन-तीन मिलिमीटरनं बुटक्या असतात. डबा उभा झाला की उसळीचं पाणी त्या फटीतून शेजाऱ्याकडे जातं. बाहेरून सगळं कोरडं ठाक आणि आत डाळिंबाचे दाणे मटकीच्या रश्शात पोहतायत.

मी दुकानात म्हटलं, ‘एका खणात पाणी घालून डबा उभा धरून दाखवा.’

‘आजोबा, डबा घ्यायचाय की मासे पाळायचेत?’

पुण्यात जन्म गेल्यामुळे मला यात वावगं काही वाटलं नाही. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, एक खण भरला, झाकण लावलं, डबा उभा धरला. उघडून बघतो तर चारही खणांत पाणी. त्यानं काही न बोलता वरच्या फळीवरचा दुसरा डबा काढून दिला. त्याच्या झाकणाला आतून प्रत्येक खणाच्या मापाची उंच रबरी कड होती, ती भिंतीवर येऊन बसत होती. पाणी जिथल्या तिथं राहिलं. किंमत पहिल्याच्या दीडपट.

‘हा आधी का नाही दाखवलात?’

‘तुम्ही पाणी आधी का नाही काढलंत?’

डबा तिथंच घेतला. अशा माणसाकडून घेतलेली वस्तू टिकते असा माझा अनुभव आहे.

स्टील की प्लॅस्टिक, यावर घरात दोन पक्ष आहेत. स्टीलचा डबा विकणारा चुंबक लावून दाखवतो: बघा चिकटत नाही, म्हणजे ३०४ नंबरचं. ३०४ म्हणजे ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं ते स्टील, भांड्यांसाठी चांगलं. पण २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं असतं आणि मिठाचं, आंबटाचं त्याला लवकर लागतं. उलट चांगल्या ३०४ च्या डब्याचे कोपरे दाबून वळवताना तिथं जरासं चुंबकत्व येऊही शकतं. त्यामुळे ती चुंबकाची जादू बघून घ्यावी, हसावं आणि डब्याच्या बुडावर काय छापलंय ते वाचावं.

प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला त्रिकोण असतो. त्यात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, गरम पदार्थाला त्यातल्या त्यात बरं. ज्या बीपीए नावाच्या रसायनाचा लोक धसका घेतात ते पॉलिकार्बोनेटमधलं, ७ आकड्याच्या गटातलं. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ते मुळात नसतंच. त्यामुळे अशा डब्यावरचं ठळक ‘बीपीए फ्री’ वाचलं की मला शेंगदाणा तेलाच्या डब्यावरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ आठवतं.

आणि एक तिसरा प्रकार आहे, बाहेरून प्लॅस्टिक आणि आत स्टीलचं ताट बसवलेला. दिसायला देखणा. मला तो अजिबात पसंत नाही. धुताना पाणी त्या दोन भिंतींच्या मधे शिरतं, आतल्या आत राहतं आणि पावसाळ्यात त्याला जो वास येतो तो कशानंच जात नाही.

भरण्याच्या खात्यात मी जे शिकलो त्यात पहिलं म्हणजे गरम भाजीवर झाकण लावायचं नाही. घाई असली तरी नाही. हवाबंद डब्यात वाफ अडकते, झाकणाला खालून पाणी धरतं आणि ते पोळीवर ठिबकतं. इथवर आयांना माहीत असतं. पण पुढं आतली हवा गार होऊन आक्रसते आणि झाकण आत ओढलं जातं. मग ते चार वर्षांच्या बोटांना हलत नाही. मोठी सुट्टी होते, निम्मा वर्ग डबे घेऊन ताईंपुढे उभा राहतो, ‘ताई, उघडून द्या ना.’ काही झाकणांच्या मधोमध रबरी बुच असतं, ते उचललं की हवा आत जाते आणि झाकण सुटतं. आमच्या डब्याला ते आहे. तरी दुकानात नातीच्याच हातानं डबा तीन-चारदा उघडून-लावून बघितला होता. चार बाजूंना चार क्लिपा असलेला डबा मोठ्यांना भक्कम वाटतो. लहान मूल त्यातल्या तीन उघडतं आणि चौथीपाशी जेवायचं सोडून देतं.

आता पोळीचं दुखणं. या डब्यांचा मोठा खण नीट बघा. तो चौकोनी असतो, ब्रेडच्या स्लाइसच्या मापाचा. ज्यानं तो आखला त्याच्या डोळ्यांपुढे सँडविच होतं. आपली पोळी गोल. दोन घड्या घातल्या की चतकोर होते, तिचं टोक कोपऱ्यात जातं, गोल बाजू वर येते आणि झाकण लागत नाही. दाबून लावलं तर पोळीची कड डबा उघडेपर्यंत कडक झालेली असते. अखेर मी सुरळी करायला लागलो. पोळीला तूप लावायचं, वर बारीक गूळ किंवा लसणाची कोरडी चटणी भुरभुरायची, घट्ट गुंडाळायची, बोटभर तुकडे करायचे आणि ते खणात उभे, एकमेकांना चिकटून रचायचे. खच्चून रचले की उलगडत नाहीत. सुरीनं पोळी कापताना हिच्या चेहऱ्यावर जे भाव येतात त्यांच्याकडे मी बघत नाही.

काकडीला मीठ लावायचं नाही, ती पाणी सोडते. सफरचंदाच्या फोडी मिठाच्या पाण्यात बुडवून काढायच्या, काळ्या पडत नाहीत. द्राक्षं उभी चिरायची. या वयात अख्खं द्राक्ष आणि अख्खा शेंगदाणा दोन्ही घशात अडकू शकतात. दाण्याचं कूट मात्र बिनधास्त द्यावं.

खणांची ही पद्धत जपानी बेंतोवरून आली असं सूनबाई सांगते. वाचून बघितलं तेव्हा मजा वाटली. तिकडे शोकादो नावाचा बेंतो प्रसिद्ध आहे, अधिकच्या चिन्हाच्या आकाराची भिंत घालून केलेले चार खण. सतराव्या शतकात शोकादो शोजो नावाचा चित्रकार भिक्षू होऊन गेला. शेतकरी बियाणं ठेवायचे तसला खणांचा डबा तो रंग आणि तंबाखू ठेवायला वापरायचा. त्यात जेवण वाढायचं हे विसाव्या शतकात एका आचाऱ्याला सुचलं. आपल्याकडेही खणांचे डबे होते ते मिसळणाचे आणि पानाचे. मोहरी, जिरं, हळद, तिखट. नाहीतर सुपारी, कात, लवंग, वेलदोडा. सगळा कोरडा माल. जपानी भातही चिकट, एकदा गोळा बसवला की हलत नाही, आणि त्यांच्या डब्यात रस्सा नसतो. आपल्या जेवणाचं निम्मं सुख मात्र कालवण्यात आहे. आमटी-भाताला भिंत घालून काय साधणार?

तरीही ताटाला आपल्याकडे शिस्त होतीच. मीठ वर मधोमध, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भाताची मूद खाली. डावी बाजू चमचाभर वाढायची, उजवी मागून घ्यायची. मुंजी-लग्नाच्या पंगतीत वाढायला गेलं की हे आधी शिकवायचे, आणि चुकलं तर एखादे काका सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगायचे. चौथ्या खणावर तोडगा मला इथंच सापडला. तो फळाचा नाही, खाऊचा नाही, ती डावी बाजू. त्यात चमचाभर काहीतरी जिभेला लावायला घालायचं. साखरांबा, गुळांबा, तिळाची चटणी दह्यात कालवून, गाजराची कोशिंबीर. मनुकांचा शोध थांबला. भाजी नावडती असेल त्या दिवशी पोळी याच्यावर तरून जाते.

साखरांब्याच्या दिवशी डबा चाटून पुसून येतो. भाजीच्या खणाचं काय ते मात्र हळद सांगते. रिंग आणि झाकण पिवळं झालं की कितीही घासा, साबणाला दाद देत नाही. त्यावर उपाय ऊन. गच्चीत दुपारभर उपडं टाकलं की हळदीचा डाग उन्हानं फिका पडत जातो. जूनमध्ये वापरायला काढलेला डबा पुण्याच्या पावसात सप्टेंबरपर्यंत पिवळाच राहतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा पांढरा होतो. रिंग मात्र रोज काढून धुवायला हवी. तिच्या खोबणीत अन्नाचा कण राहिला की आठवड्याच्या आत काळे ठिपके येतात. ते काढायला जुना टूथब्रश लागतो आणि चष्माही.

नातीचं धोरण आमच्या कुणाच्याच हिशेबात बसत नाही. मोठा खण तिचा स्वतःचा. भाजीचा खण ‘आजीला दाखवायचा’, म्हणजे निदान उकरून परत आणायचा. आणि ज्यावर मी एवढी अक्कल खर्च केली तो चौथा खण वाटायचा.

‘आबा, उद्या त्यात जास्त घाल.’

‘किती जास्त? मावतं तेवढंच घालतो मी.’

‘आम्ही सहा जणी आहोत.’

काडेपेटीएवढ्या खणात सहा जणींचा साखरांबा कसा बसवायचा यावर रात्री जेवताना चर्चा झाली. मुलानं मोठा डबा सुचवला. हिनं वेगळी स्टीलची डबी सुचवली. सूनबाईनं फोन पुढं केला. पाच खणांचा होता, झाकणावर जिराफ. मी पाचव्या खणाचं माप विचारलं आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली.